सवय, साधना आणि मंत्रचळ

संस्थेच्या स्मरणिकेत शिक्षकाने आपल्या सेवाकाळाचा आढावा घ्यावा, निकालाच्या टक्केवारीचा उल्लेख करावा, मोठ्या पदांवर पोहोचलेल्या माजी विद्यार्थ्यांची नोंद करावी, ही रूढ पद्धत आहे आणि तिच्यात वावगे काही नाही. परंतु या अंकासाठी लेख मागितला गेला तेव्हा आम्ही आमच्या एका चुकीविषयी लिहावयाचे ठरविले. ती एकाच विद्यार्थिनीच्या बाबतीत तीनदा घडली आणि तिन्ही वेळा चांगल्याच हेतूने घडली. मुलांना दिवसरात्र आपल्याजवळ ठेवणाऱ्या निवासी शाळेत अशी चूक पुन्हा घडण्याचा संभव मोठा आहे, म्हणून हा प्रपंच.

आंबागडचा किल्ला आपल्या शाळेतील प्रत्येक मुलाने पाहिलेला असतो. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याच्या काळात, इ. स. १७०० च्या सुमारास, त्याच्या एका पठाण सरदाराने तो बांधला. पुढे नागपूरकर भोसल्यांच्या अमलात त्याचा उपयोग बंदिवानांना ठेवण्यासाठी होऊ लागला. किल्ल्यातील विहिरीचे पाणी दूषित होते, ते कैद्यांना पाजले जाई आणि त्यातच ते मरत, अशी आख्यायिका आहे. इतिहासाचे शिक्षक म्हणून दरवर्षीच्या सहलीत ती आम्ही त्या विहिरीच्या काठावर उभे राहून सांगत आलो आहोत. पुरावा आणि आख्यायिका यांतील भेदही सांगतो; पण खरे बोलावयाचे तर भेदाकडे मुलांचे लक्ष कमी असते, विषाकडे अधिक. आमचेही तसेच.

काही वर्षांपूर्वीच्या सहलीत नववीतील एक मुलगी ही गोष्ट फार एकाग्रतेने ऐकत होती. आमच्या कथनाचा तो प्रभाव आहे असे वाटून आम्हांस बरे वाटले.

त्यानंतर दीड-दोन महिन्यांत वसतिगृहातून तक्रारी येऊ लागल्या. आपल्याकडे पंगतीत पाणी वाढण्याची पाळी मुलींमध्ये फिरती असते. या मुलीची पाळी आली की पंगत खोळंबे. ती माठाला हात लावण्यापूर्वी नळावर हात धूत राही. मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत, मग पुन्हा बोटांपासून आरंभ. महिन्याचा साबण आठवड्यात संपे. पौषाच्या थंडीत, पहाटे सातपुड्याकडून वारे सुटलेले असताना, तिच्या बोटांची पेरे फुटून रक्त येई. अधीक्षिकाबाईंनी विचारले तर एकच उत्तर, “हात घाण होते.” हात घाण नव्हते, हे सर्वांना दिसत होते.

आम्हांस जे दिसले ते निराळेच होते. पाण्याच्या माठाला हात लावण्यापूर्वी शुद्ध होणे म्हणजे काय, हे आमच्या पिढीला कोणी शिकवावे लागत नाही. आमच्या आजोबांनी गावच्या विहिरीपासून दूर उभे राहून कोणीतरी वरून ओतलेले पाणी ओंजळीने प्यालेले आहे. आम्ही दुसऱ्याच दिवशी प्रार्थना सभागृहात बोलावयास उभे राहिलो. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर परमपूज्य बाबासाहेबांनी पाणी प्राशन केले ते कशासाठी, पेशवाईत आपल्या लोकांच्या कमरेला झाडू का बांधला जाई, ज्या भंडाऱ्यातून बाबासाहेबांनी १९५४ ची पोटनिवडणूक लढविली त्या जिल्ह्यातील मुलींनी सोवळेओवळे पाळावे काय, असे पाऊण तास बोललो. नाव घेतले नाही. नाव घेण्याची आवश्यकता नव्हती. सर्वांच्या माना एकाच दिशेला वळल्या होत्या. भाषण उत्तम झाले असे सहकाऱ्यांनी सांगितले. त्या दिवसापासून ती मुलगी दिवसा हात धुईनाशी झाली आणि रात्री, सर्व निजल्यावर, अंधारात धुऊ लागली.

ही पहिली चूक. ती किती मोठी होती हे आम्हांस पाच महिन्यांनी, तिच्याच तोंडून कळले. उन्हाळ्याच्या सुटीपूर्वी ती स्वतः होऊन ग्रंथालयात आली, बराच वेळ कपाटाशी उभी राहिली आणि म्हणाली, “सर, मी शिवाशिव पाळत नाही. माह्या हाताले काही लागलं असंन अन् ते माठात गेलं तर पोरी मरतीन, असं वाटते. त्या विहिरीवानी.”

ती स्वतःला इतरांपासून वाचवीत नव्हती. इतरांना स्वतःपासून वाचवीत होती. अस्पृश्यतेच्या जवळपासही हे नव्हते, तिच्या अगदी उलट होते. आणि आम्ही इतिहासाचे पदव्युत्तर, आम्हांला वरवरचे साम्य तेवढे दिसले.

या ठिकाणी थोडे थांबणे आवश्यक वाटते, कारण आपल्या समाजात हा गोंधळ पुन्हा होईल. आमच्या आजोबांची सावली पडली म्हणून ज्याने स्नान केले तो माणूस स्नानानंतर निर्धास्त जेवला, निर्धास्त निजला. त्याला संशय नव्हता. विटाळ दुसऱ्याच्या देहात आहे, अशी त्याची खात्री होती आणि त्या खात्रीची किंमत त्याने दिली नाही, आम्ही दिली. ती व्यवस्था होती. तिला धर्मग्रंथांचा आधार होता, गावाची संमती होती, मोडणाऱ्याला शिक्षा होती. नळाखाली हात धरून उभी असलेली मुलगी मात्र एकटी असते. तिला खात्री कशाचीच नसते. हात स्वच्छ आहेत हे डोळ्यांना दिसते, बुद्धीला पटते, तरी मन म्हणते, पुन्हा एकदा. आपण करतो ते निरर्थक आहे हे बहुधा तिला आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असते. तिला सोवळ्याचे नाव देणे म्हणजे जखमीलाच हल्लेखोर ठरविणे होते.

या विकाराला ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर, संक्षेपाने ओसीडी, म्हणतात. मराठीत त्याला मंत्रचळ हा जुना शब्द आहे आणि आजचे मराठी मनोविकारतज्ज्ञही तो वापरतात. मंत्र म्हणताना चूक झाली की म्हणणाऱ्याचे चित्त चळते, या समजुतीतून तो आला. समजूत अर्थातच चुकीची. पण शब्द घडविणाऱ्यांनी काहीतरी नेमके पाहिले असावे, कारण चुकीच्या भयाने एकच पाठ पुनःपुन्हा म्हणत राहणे हे या विकाराचे एक नेहमीचे रूप आहे. आम्हांस येथे फार जुना एक विद्यार्थी आठवतो. तो रात्री सर्वांच्या नंतर एकटाच बसून त्रिशरण-पंचशील म्हणत असे. एखादा उच्चार चुकला असे वाटले की पहिल्यापासून आरंभ. बारा-बारा वाजत. आम्ही त्या वर्षी त्याला आदर्श उपासक म्हणून गौरविले. त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, हे आज गटाच्या छायाचित्रात स्पष्ट दिसते. तो आज कोठे आहे, आम्हांस ठाऊक नाही.

हा शब्द जुना आहे याचा आणखी एक अर्थ होतो. “ही शहरातली दुखणी, आपल्या आज्यांना असले काही नव्हते,” असे म्हणणारे सहकारी आम्हांस भेटतात. ज्या दुखण्याला भाषेने फार पूर्वीच नाव दिले, ते कालचे नसते. शंभरांतील एक-दोन जणांना आयुष्यात कधी ना कधी हा विकार होतो आणि पुष्कळांत त्याचा आरंभ शाळकरी वा उमलत्या वयातच होतो, असे वैद्यकशास्त्र सांगते. तीनशे मुलांच्या वसतिगृहात ही संख्या किती होईल याचा हिशेब वाचकांनी करावा. (टेबलावरची पुस्तके सरळ रेषेत लावणारे काही तरुण हल्ली हसत हसत “मला ओसीडी आहे” म्हणतात. ज्याला खरोखर आहे तो हसत सांगत नाही, तो लपवितो.)

आता दुसरी चूक. तिचे बोलणे ऐकल्यावर आमचे मन भरून आले आणि आम्ही तिला धीर दिला. “काही होत नाही, बेटा. तुझे हात स्वच्छ आहेत. कोणी मरणार नाही.” तिचा चेहरा उजळला. आम्हांस वाटले, किती सोपे होते हे! दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. मग दिवसातून दोनदा, मग प्रत्येक तासानंतर. “सर, खरंच काही नाही होणार ना?” आम्ही प्रत्येक वेळी न कंटाळता सांगत राहिलो. शिक्षकाने सहनशील असावे असे आम्हांस वाटत होते. जून-जुलैमध्ये, धानाची रोवणी चालू असताना, तिची आई बांधावरून रात्री फोन करी आणि तीही मुलीला तेच सांगे. मुलगी दिवसेंदिवस अधिकच विचारू लागली. साबणाच्या जागी आता आम्ही झालो होतो, हे आमच्या ध्यानी आले नाही.

तिसरी चूक सांगताना सर्वाधिक संकोच वाटतो, कारण ती आमच्या श्रद्धेच्या विषयात घडली. आम्ही तिला आनापान शिकविले. श्वासाकडे लक्ष दे, मन शांत होईल. पहिले काही दिवस झालेही. नंतर तिने आपल्यापुरता एक नियम केला: भीतीचा विचार आला की दहा श्वास मोजावयाचे, मध्ये तो विचार पुन्हा डोकावला तर मोजणी रद्द, पुन्हा एकपासून. वर्गात फळ्याकडे डोळे लावून ती मनातल्या मनात श्वास मोजत बसलेली असे आणि आम्ही तिच्या स्थिरतेचे कौतुक करीत असू. हात धुणे कमी झाले होते. म्हणून आजार कमी झाला, असा आमचा निष्कर्ष होता. चाचणीत ती चार विषयांत अनुत्तीर्ण झाली तेव्हा उत्तरपत्रिका कोऱ्या दिसल्या. एकेका प्रश्नावर तिने श्वास मोजण्यात घटका घालविल्या होत्या.

दरम्यान गावाकडे तिला एका देवऋषीकडे नेण्याची भाषा सुरू झाली होती. घर बौद्ध, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, २२ प्रतिज्ञा चौकटीत लावलेल्या, तरीही. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली आला. पण ज्या घराला दुसरा मार्ग कोणी दाखविला नाही ते घर जुन्याच वाटेने जाणार. शेवटी आम्ही तिला व तिच्या आईवडिलांना घेऊन नागपूरच्या एका मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो. वडील मँगनीजच्या खाणीत कामाला. रजा मिळविण्यात आठ दिवस गेले.

त्या डॉक्टरबाईंनी आमचे सारे प्रयत्न ऐकून घेतले आणि आम्हांलाच एक प्रश्न विचारला: “ती श्वास मोजते ते भीतीसह बसण्यासाठी की भीती घालविण्यासाठी?” आम्हांस उत्तर देता आले नाही. गेली काही वर्षे आम्ही त्या प्रश्नाचा विचार करीत आहोत आणि या लेखात जे मत मांडावयाचे आहे ते त्यातूनच तयार झाले.

आमचे मत असे की, कोणतीही कृती तिच्या बाह्य रूपावरून निरोगी किंवा रोगट ठरविता येत नाही. हात धुणे, झाडणे, पाठ म्हणणे, उत्तर पुन्हा तपासणे, श्वास पाहणे, मैत्रिणीला मन मोकळे करून सांगणे, कबड्डीच्या मैदानावर जाऊन मन रमविणे, यांतील प्रत्येक गोष्ट माणसाला सावरूही शकते आणि जखडूही शकते. पाहावयाचे ते हे, की कृती संपते कशाने. जेवणापूर्वी हात धुणारी मुलगी हात स्वच्छ झाले की थांबते. मंत्रचळ असलेली मुलगी “आता बरोबर वाटले” असे होईपर्यंत थांबू शकत नाही, आणि ते वाटणे क्षणभरच टिकते. निरोगी सवय एखादे दिवशी राहिली तर हुरहूर लागते. सक्तीची कृती राहिली तर कोणीतरी मरेल असे वाटते. सावरणारी कृती माणसाला परत त्याच्या कामाकडे, पंगतीकडे, पुस्तकाकडे आणून सोडते. सक्ती त्याला त्या साऱ्यांतून बाजूला काढते आणि दर आठवड्याला थोडा अधिक वेळ मागते. आणि मुळाशी पाहिले तर एक कृती म्हणते, संशय असू दे, मी माझे काम करते. दुसरी म्हणते, आधी संशय फिटू दे. तो कधीच पुरता फिटत नाही. आपल्यापैकी कोणाचाही फिटलेला नाही. आपण फक्त त्याच्याकडे लक्ष न देता जेवावयास बसतो.

हे शेवटचे विधान आमचे नाही. रॅकमन आणि डी सिल्व्हा या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली दाखविले की, नको असलेले, भयंकर, लाजिरवाणे विचार निरोगी माणसांच्याही मनात सर्रास येतात. आशय जवळजवळ तोच असतो. फरक पडतो तो त्या विचाराला किती महत्त्व दिले जाते आणि तो पुसण्यासाठी काय केले जाते, यात. यातील पद्मल डी सिल्व्हा हे श्रीलंकेचे, लंडनमध्ये कार्य केलेले आणि पाली साहित्याचे जाणकार. बौद्ध वाङ्मयातील एका कथेकडे त्यांनी लक्ष वेधले, ती आपल्या शाळेत सांगितली जात नाही, जावी.

धम्मपदाच्या लोकवग्गातील १७२ व्या गाथेच्या अट्ठकथेत सम्मज्जन नावाच्या एका स्थविराची कथा आहे. ‘सम्मज्जन’ म्हणजे झाडणे. हा भिक्खू जेतवनात सकाळ-संध्याकाळ, वेळी-अवेळी, झाडू घेऊन सतत झाडत असे. एके दिवशी रेवत स्थविर ध्यानस्थ बसलेले त्याला दिसले आणि त्याच्या मनात आले, हा आळशी माणूस लोकांचे अन्न खातो व नुसता बसून राहतो, थोडे झाडावयास काय झाले? रेवतांनी ते ओळखले. त्यांनी त्याला स्नान करून येण्यास सांगितले व मग उपदेश केला. तो उपदेश आम्हांस अडीच हजार वर्षांनंतरही थक्क करतो. “झाडू नकोस” असे रेवत म्हणाले नाहीत. सकाळी झाड, मग भिक्षेला जा, परत येऊन बैस, मनन कर, संध्याकाळी पुन्हा झाड. पण सर्व वेळ झाडत राहू नये, स्वतःसाठीही काही अवकाश ठेवावा, असा त्याचा आशय आहे. भिक्खूने ऐकले. पुढे परिसरात केरकचरा साचू लागला तेव्हा इतर भिक्खूंनी विचारले, का झाडत नाहीस? त्याने शांतपणे सांगितले, पूर्वी मी बेसावध होतो तेव्हा झाडत होतो, आता सावध आहे.

झाडू तोच, आणि विदर्भात राहून झाडूचा विषय निघाला की गाडगेबाबा आठवल्यावाचून राहत नाहीत. बाबांनी गावेच्या गावे झाडली. पण दिवसा गाव झाडून झाले की रात्री कीर्तन. झाडू खाली ठेवला जाई आणि माणसांशी बोलणे सुरू होई. त्यांच्या झाडण्याला शेवट होता. सम्मज्जनाच्या झाडण्याला नव्हता, आणि त्यातून न झाडणाऱ्याविषयी मनात कडवटपणा साचला होता. आपल्या शाळेच्या श्रमदानातही कधी कधी अशी मुले दिसतात, ज्यांना थांबविले तर ती रडवेली होतात. आम्ही त्यांना पारितोषिके देतो.

तथापि, ग्रंथात आहे म्हणून सर्वच औषध आहे असे आम्ही म्हणणार नाही. मज्झिम निकायातील वितक्कसंठान सुत्तात नको असलेल्या विचारांवर पाच उपाय सांगितले आहेत. त्यांपैकी विचाराकडे लक्ष न देणे हा उपाय आजच्या शास्त्राशी जुळतो. दातांवर दात रोवून, जिभेने टाळू दाबून विचार चिरडणे हा शेवटचा उपाय मात्र मंत्रचळ असलेल्या मुलाला कोणी शिकवू नये. विचार दाबू जावे तो तो अधिक उसळतो, हा अनुभव आहे आणि मानसशास्त्रातील प्रयोगही तेच सांगतात. परंपरेने सांगितले म्हणून स्वीकारू नका, असे कालामांना ज्या तथागतांनी सांगितले, त्यांच्या शाळेत एवढा विवेक असावयास हवा.

आजचा मुख्य उपचार रेवतांच्या सल्ल्यापेक्षा एक पाऊल पुढे जातो. व्हिक्टर मेयर यांनी १९६६ साली लंडनमध्ये दोन रुग्णांवर त्याचा आरंभीचा प्रयोग केला. ज्याची भीती वाटते त्याला पायरीपायरीने सामोरे जावयाचे आणि सक्तीची कृती करावयाची नाही. भीती चढू द्यावयाची, तिला आपणहून उतरू द्यावयाचे. जोडीला गरज असल्यास औषधे. त्यांचा गुण येण्यास काही आठवडे लागतात आणि ती आपल्या मनाने बंद करू नयेत. हे काम तज्ज्ञाच्या देखरेखीखाली व्हावयाचे असते. शिक्षकाने साबण हिसकावून घेणे म्हणजे हा उपचार नव्हे; ते आमच्या प्रार्थना सभागृहातील भाषणाचेच भावंड होय.

आम्ही डॉक्टरबाईंना विचारले होते की तिची पाणी वाढण्याची पाळी बंद करावी काय. दयेपोटीच विचारले होते. त्या “नाही” म्हणाल्या. पाळी राहू द्या, पायऱ्या ठरवू. पहिल्या आठवड्यात एकदाच हात धुऊन फक्त एका पंगतीला पाणी. मग न धुता जग उचलणे. मग फळा पुसून, हाताला खडू असताना, स्वतःच्या मैत्रिणींना वाढणे. पहिल्या दिवशी ती माठाजवळ थरथरत उभी होती आणि अधीक्षिकाबाई पदराने डोळे पुसत होत्या, पण त्यांनी काही म्हटले नाही. काही न म्हणणे हेच सर्वांत कठीण होते. “सर, काही नाही होणार ना?” या प्रश्नाला सर्व शिक्षकांनी, स्वयंपाकघरातील मावशींनी आणि फोनवरून आईने एकच उत्तर द्यावयाचे ठरले होते: “हे कोण विचारते, तू की मंत्रचळ?” आणि पुढे गप्प राहावयाचे. पहिले काही दिवस आम्ही तिला निष्ठुर वाटलो. आईने तर एकदा फोन ठेवल्यावर आम्हांस पुन्हा फोन करून विचारले, “गुरुजी, पोरीले असं तोडून बोलणं बरं हाय का?” त्या माउलीला काय सांगावे हे आम्हांस सुचले नाही. मुलीला देण्याची मनाई असलेला धीर आम्ही आईलाच देत बसलो.

आनापान तिने सोडले नाही; मोजणी सोडली. दहापर्यंत जाण्याचे बंधन नाही, विचार आला तर येऊ दे, घंटा झाली की उठावयाचे. एखादे दिवशी मनात भीती असतानाच ती उठे आणि गणिताच्या तासाला जाऊन बसे. आमच्या दृष्टीने त्या वर्षीची शाळेतील सर्वांत मोठी साधना तीच होती, आणि ती कोणाला दिसण्यासारखी नव्हती.

आजार पुरता गेला असे आम्ही लिहिणार नाही. परीक्षेच्या काळात तो डोके वर काढी, आजही काढतो. पण ती दहावी उत्तीर्ण झाली, पुढे शिकते आहे, आणि तिच्या हातांची पेरे हिवाळ्यातही साबूत असतात.

संस्थेच्या संचालक मंडळासमोर एक मागणी ठेवून लेख आवरता घेतो. वसतिगृहात प्रवेश देताना आपण उंची, वजन, रक्तगट लिहून घेतो. वर्षातून एकदा जिल्हा रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य विभागातील तज्ज्ञांना शिक्षकांशी बोलण्यास पाचारण करावे. मुलांशी नंतर, आधी शिक्षकांशी. १० ऑक्टोबर २०२२ पासून शासनाची टेलिमानस सेवा चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही विनामूल्य, मराठीतून बोलता येते. तो क्रमांक मुलींच्या व मुलांच्या दोन्ही वसतिगृहांत, नळाच्या वरच्या भिंतीवर रंगवावा. सूचनाफलकावर नको; सूचनाफलकासमोर उभे राहिलेले सर्वांना दिसते. मानसिक आरोग्यसेवा मिळणे हा प्रत्येक नागरिकाचा हक्क आहे, असे २०१७ चा कायदा सांगतो. हक्काची भाषा आपल्याला निराळी शिकवावी लागत नाही, तेव्हा याही हक्काच्या बाबतीत आपण मागे राहण्याचे कारण नाही. आणि आदर्श उपासक, आदर्श स्वच्छतादूत ही पारितोषिके देण्यापूर्वी त्या मुलाला एकदा एकट्याने जवळ बसवून विचारावे की, हे एक दिवस केले नाहीस तर तुला काय वाटेल?

यंदाच्या सहलीपूर्वी विहिरीची आख्यायिका सांगावी की गाळावी, या विचारात आम्ही पडलो होतो. शेवटी तिलाच फोन केला. म्हणजे या वेळी खात्री मागणारे आम्ही होतो. ती हसली. म्हणाली, “सांगा ना सर, चांगली आहे ती गोष्ट. पण सांगून झाली की तिथंच बसवा पोरायले, अन् डबे सोडा.”

आम्ही तसेच केले. बासष्ट मुले विहिरीभोवती बसली. एका मुलाने विचारले, सर, हात कोठे धुवावयाचे? आम्ही घरून आणलेल्या पाण्याचा कॅन दाखविला आणि म्हणालो, एकदाच.